आईची लस आणि बाळाचे पहिले सहा आठवडे

गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात मिळणारी लस धनुर्वात आणि घटसर्प रोखते, डांग्या खोकला रोखत नाही. खासगी रुग्णालयात मात्र तिन्हींची एकत्र लस घेण्याचा सल्ला मिळतो. या तफावतीचा निकाल पुराव्याच्या आधारे लावण्याची क्षमता चेन्नईकडे आहे. प्रश्न इच्छेचा आहे.

तमिळनाडूच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने आठवड्यातले दोन वार आई आणि मूल यांच्यात वाटून दिले आहेत. मंगळवारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची तपासणी होते. बुधवारी बालकांचे लसीकरण. मंगळवारच्या रांगेतली स्त्री काही महिन्यांनी बुधवारच्या रांगेत मूल घेऊन उभी राहते. देशातील अनेक राज्यांना हेवा वाटावा अशी ही घडी आहे. तरीही या दोन रांगांच्या मध्ये एक फट राहून गेली आहे. मूल जन्मल्यापासून ते सहा आठवड्यांचे होईपर्यंतचा काळ, हीच ती फट. जन्मानंतर लगेच बाळाला क्षयरोग, पोलिओ आणि ‘ब’ प्रकारची कावीळ यांवरील लशी मिळतात. डांग्या खोकल्याविरुद्धची पहिली मात्रा मात्र सहाव्या आठवड्यात, पेंटाव्हॅलंट लशीतून मिळते. तोवर या रोगापासून बाळाचे रक्षण करू शकेल अशी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे त्याची आई. आणि त्या आईला मंगळवारी जी लस टोचली जाते, तिच्यात डांग्या खोकल्याचा घटकच नसतो.

डांग्या खोकला हे नाव आता घरांतून क्वचितच ऐकू येते. तमिळमध्ये त्याला ‘कक्कुवान इरुमल’ म्हणतात. खोकल्याच्या लागोपाठ उबळी आणि त्यानंतर श्वास आत ओढताना होणारा तो विशिष्ट आवाज, ही त्याची जुनी ओळख. त्याचा जिवाणू, बोर्डेटेला पर्टुसिस, बेल्जियमच्या ज्यूल बोर्डे आणि ऑक्ताव्ह जाँगू यांनी १९०६ साली वेगळा केला. रोग कमालीचा संसर्गजन्य आहे. घरात एकाला झाला, तर प्रतिकारशक्ती नसलेल्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांना होतो. प्रौढ माणसात तो बहुधा कित्येक आठवडे रेंगाळणारा खोकला एवढ्याच रूपात वावरतो. खोकणारी व्यक्ती कामावर जाते, स्वयंपाक करते, बाळाला मांडीवर घेते. हा डांग्या खोकला असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

नवजात बाळाची गोष्ट वेगळी आहे. तो आवाज काढण्याइतकी ताकद त्याच्या छातीत नसते. ते दूध पिणे सोडते, मध्येच श्वास घ्यायचे थांबते, निळे पडते. गंभीर प्रकारात रक्तातील पांढऱ्या पेशी इतक्या वाढतात की फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब चढतो, आणि मग अतिदक्षता विभागातील यंत्रेही अनेकदा हतबल ठरतात. असे मूल दगावले आणि वेळेवर चाचणी झाली नसेल, तर कागदावर न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग अशी नोंद होण्याचीच शक्यता अधिक. जागतिक पातळीवरील एका अंदाजानुसार २०१४ या एका वर्षात पाच वर्षांखालील सुमारे २ कोटी ४१ लाख मुलांना हा रोग झाला आणि सुमारे १ लाख ६० हजार मुले दगावली. या मृतांपैकी निम्म्याहून अधिक मुले वर्षाच्या आतली होती. ज्या रोगाला आपण आजीच्या काळातला समजतो, तो प्रत्यक्षात पाळण्याभोवतीच घुटमळत राहिलेला आहे.

निसर्गाने या फटीवर एक तोडगा दिलेला आहे. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. शेवटच्या तिमाहीत हा ओघ सर्वाधिक असतो. जन्मानंतर ही उसनी शिदोरी दर पाच-सहा आठवड्यांनी साधारण निम्मी होत जाते. सुरुवातीचा साठा भरपूर असेल, तर तो बाळाला त्याच्या स्वतःच्या पहिल्या-दुसऱ्या मात्रेपर्यंत सांभाळून नेतो. तोच तुटपुंजा असेल, तर दोन-चार आठवड्यांत संपतो. मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, तर हा ओघ ऐन भरात येण्याआधीच खंडित झालेला असतो. म्हणजे ज्या मुलाला सर्वाधिक गरज, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी संरक्षण येते.

प्रश्न असा, की आज बाळंत होणाऱ्या आईजवळ देण्यासारखे काही उरले आहे काय? डांग्या खोकल्याविरुद्धची प्रतिकारशक्ती आयुष्यभर टिकत नाही. लशीमुळे आलेली साधारण ४ ते १२ वर्षांत ओसरते, आणि प्रत्यक्ष रोग होऊन आलेलीही कायमची नसते. आज पंचविशी-तिशीत असलेल्या स्त्रिया सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाच्या लेकी आहेत. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात त्यांना बालपणी त्रिगुणी लस मिळाली. पण शाळेत जाण्याच्या वयात जी पूरक मात्रा दिली जाई, ती पूर्वी ‘डीटी’ची असे, तिच्यात घटसर्प आणि धनुर्वात होते, डांग्या खोकला नव्हता. पुढे तिची जागा त्रिगुणी लशीने घेतली. याचा अर्थ, आजच्या कितीतरी मातांना डांग्या खोकल्याविरुद्धची शेवटची मात्रा त्या दोन वर्षांच्याही झालेल्या नसताना मिळाली आहे. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे उलटली. या काळात नकळत संसर्ग होऊन गेला असेल, तर काही प्रतिपिंडे असतील. झाला नसेल, तर नसतील. बाळाचे रक्षण हा असा योगायोगाचा मामला झाला आहे.

वस्तुतः आईला लस देऊन बाळाला वाचवणे ही कल्पना आपल्याला मुळीच नवी नाही. नवजात बाळांचा धनुर्वात हा एकेकाळी या देशातील बालमृत्यूंचा मोठा मानकरी होता. गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस आणि स्वच्छ प्रसूती या दोन साध्या उपायांनी आपण त्याला हटवले. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने केली. पुढे घटसर्प मोठ्या वयात डोके वर काढू लागला, तेव्हा एकेरी धनुर्वात लशीऐवजी धनुर्वात-घटसर्प अशी जोडलस, म्हणजे ‘टीडी’, गरोदर स्त्रियांना देण्याचा निर्णय झाला. या दोन्ही निर्णयांमागचा तर्क निर्दोष होता. तोच तर्क एक पाऊल पुढे नेला, की आपण ‘टीडॅप’पाशी पोहोचतो. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींवरची ही प्रौढांसाठीची लस आहे. परिचारिका तीच, दंड तोच, नोंदवहीही तीच. बदलतो तो फक्त कुपीतला एक घटक.

हा घटक काम करतो का, याचे उत्तर जगाने गेल्या दशकभरात दिले आहे. २०१० साली कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची साथ येऊन १० अर्भके दगावली. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये साथ आली आणि तीन महिन्यांखालील १४ बाळांचा बळी गेला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनने गरोदर स्त्रियांना लस देण्यास सुरुवात केली. पुढच्या मोजमापात असे दिसले, की प्रसूतीच्या किमान आठवडाभर आधी लस घेतलेल्या मातांच्या बाळांना पहिल्या तीन महिन्यांत सुमारे ९१ टक्के संरक्षण मिळते. अमेरिकेनेही २०१२ मध्येच प्रत्येक गरोदरपणात, २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ही लस देण्याची शिफारस केली. हा केवळ श्रीमंत देशांचा चोचला नव्हे. अर्जेंटिनाने २०१२ मध्ये आणि ब्राझीलने २०१४ मध्ये आपल्या सरकारी कार्यक्रमात ती आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या भूमिकेतही, बालकांच्या नियमित लसीकरणाला जोड म्हणून योजायच्या उपायांत गरोदर स्त्रीचे लसीकरण हा खर्चाच्या मानाने सर्वांत लाभदायक उपाय असण्याची शक्यता आहे, असे म्हटले आहे. आजी-आजोबा, वडील, भावंडे अशा साऱ्या घराला लस टोचून बाळाभोवती कडे उभारण्याचा पर्याय अनेक ठिकाणी आजमावला गेला. पण इतक्या माणसांना वेळेत गाठणे कोणालाच नीट जमलेले नाही.

भारतात तज्ज्ञांचे मत काय आहे? प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांचा महासंघ ‘फॉग्सी’ आणि बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना, दोन्ही गरोदरपणात टीडॅपची शिफारस करतात. परिणामी खासगी रुग्णालयात नाव नोंदवणाऱ्या स्त्रीला सातव्या-आठव्या महिन्यात ही लस सुचवली जाते आणि तिच्या एका मात्रेसाठी ती हजार रुपयांहून अधिक मोजते. राष्ट्रीय कार्यक्रमातून मिळते ती मात्र टीडी. चेन्नईत ही दोन जगे एकमेकांपासून फार दूर नाहीत. एग्मोरचे सरकारी महिला व बाल रुग्णालय १८४४ पासून बाळंतपणे करीत आले आहे. ट्रिप्लिकेनचे कस्तुरबा गांधी रुग्णालयही शतकाहून जुने. या रुग्णालयांत पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्या घरांतल्या स्त्रिया येतात. एकाच शहरात, एकाच आठवड्यात जन्मलेल्या दोन बाळांपैकी एकाला संरक्षण मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. फरक फक्त त्यांच्या आयांनी कोणत्या दारातून आत पाऊल टाकले याचा. त्यातही दाट वस्तीतल्या एका खोलीत सहा-सात माणसांबरोबर वाढणाऱ्या बाळाला संसर्गाचा धोका जास्त. ज्याला धोका कमी त्याला लस, आणि ज्याला जास्त त्याला नाही, ही वाटणी कोणी ठरवून केलेली नसली तरी ती अन्याय्यच आहे.

असे असूनही सरकारने उद्या सकाळी फर्मान काढून टीडॅप सुरू करावी, असे मी म्हणणार नाही. आक्षेप घेणाऱ्यांचे तीन मुद्दे गंभीर आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा रोगाच्या व्याप्तीचा. आपल्याकडे डांग्या खोकल्याने नेमकी किती नवजात बालके दगावतात, याचा हिशेब कच्चा आहे. या जिवाणूची वाढ प्रयोगशाळेत करणे अवघड असते, जनुकीय चाचणी सर्वत्र उपलब्ध नसते, आणि नमुना घेण्याआधीच प्रतिजैविके सुरू झालेली असतात. लहान बाळात रोगाचे चित्रच वेगळे असल्याने संशयही उशिरा येतो. दुसऱ्या लशींवरही खर्च करायचा असताना, आकड्यांशिवाय पैसा मागणे कोणत्याही वित्त सचिवाला पटणार नाही. पण ज्याची मोजदाद होत नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानण्याची चैन सार्वजनिक आरोग्याला परवडत नाही.

दुसरा मुद्दा शास्त्रीय आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या शरीरात असताना त्याला स्वतःची लस दिली, तर तिला मिळणारा प्रतिसाद काहीसा मंदावतो. हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ब्रिटनमध्ये त्यामुळे पुढे रोग वाढल्याचे आढळले नाही. परंतु तेथील बाळांना पेशीविरहित लस मिळते. आपल्या पेंटाव्हॅलंटमध्ये संपूर्ण पेशींपासून बनवलेली लस असते. ती अधिक ताप आणते, पण तिचे संरक्षण जास्त टिकते. म्हणूनच ती वापरणाऱ्या देशांनी ती सोडू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आईला एका प्रकारची आणि बाळाला दुसऱ्या प्रकारची लस दिल्यावर आपल्या मुलांत काय घडते, हे आपल्याच मुलांत तपासायला हवे. लंडनमधील निष्कर्ष चेन्नईला जसाच्या तसा लागू होईल, असे गृहीत धरता येणार नाही.

तिसरा मुद्दा पैशांचा आणि पुरवठ्याचा. देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बाळंतपणे होतात. प्रतिकारशक्ती ओसरत असल्याने ही लस एकदा देऊन भागत नाही. ती प्रत्येक गरोदरपणात द्यावी लागते. आजच्या बाजारभावाने हा खर्च पेलणार नाही. मोठ्या सरकारी खरेदीत किमती कोसळतात, हा पेंटाव्हॅलंटसह अनेक लशींचा अनुभव असला, तरी त्यासाठी आधी देशी उत्पादक पुढे यावे लागतात.

या तिन्ही प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी चेन्नईइतके सज्ज शहर सापडणे कठीण. तमिळनाडूत स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य संचालनालय १९२२ पासून आहे आणि मद्रास प्रांताने सार्वजनिक आरोग्याचा कायदा १९३९ मध्येच केला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातील ९९.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होतात. गरोदरपणाची नोंद ‘पिक्मी’ या संगणकीय प्रणालीत होते आणि त्याच क्रमांकाच्या आधारे आई व मूल यांचा पुढचा प्रवास जोडता येतो. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने चालणाऱ्या मातृत्व साहाय्य योजनेतून गरजू स्त्रीला १८ हजार रुपयांचे साहाय्य मिळते. त्यामुळे ती तपासणीला येण्याचे टाळत नाही. पेंटाव्हॅलंट लस देशात प्रथम आली तीही डिसेंबर २०११ मध्ये, तमिळनाडू आणि केरळ या दोन राज्यांत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था याच शहरात आहे; करोनाकाळात देशभरातील रक्तसर्वेक्षणांचे सूत्रसंचालन तिने केले. ज्या शहराने साऱ्या देशातल्या प्रतिपिंडांचा हिशेब मांडला, त्याला आपल्याच प्रसूतिगृहांतील आई आणि बाळ यांच्या प्रतिपिंडांचा हिशेब मांडणे अशक्य नाही.

काय करता येईल? सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांत, आईच्या रक्ताचे आणि प्रसूतीच्या वेळी एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतील रक्ताचे नमुने, संमती घेऊन तपासावेत. त्यातून किती बाळे रिकाम्या हाताने जन्माला येतात, हे कळेल. अर्थात, प्रतिपिंडांची अमुक पातळी म्हणजे खात्रीचे संरक्षण, अशी सर्वमान्य रेषा या रोगाबाबत अद्याप ठरलेली नाही. म्हणून केवळ रक्त तपासून थांबता येणार नाही. श्वास थांबल्याने किंवा खोकल्याने दाखल होणाऱ्या तीन महिन्यांखालील प्रत्येक बाळाची जनुकीय चाचणी एग्मोरच्या बाल आरोग्य संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणी नियमाने व्हावी. त्याचबरोबर काही विभागांत टीडीऐवजी टीडॅप देऊन, त्या बाळांना पेंटाव्हॅलंटचा प्रतिसाद कसा मिळतो हे पहिल्या दोन वर्षांपर्यंत पाहावे. दोन-तीन वर्षांत राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गटापुढे ठेवता येईल असा भारतीय पुरावा हाती येईल.

लस देण्याची वेळही समाजाने जणू आधीच ठरवून ठेवली आहे. तमिळ घरांत सातव्या किंवा नवव्या महिन्यात ‘वळैकाप्पु’ होते, म्हणजे आपल्याकडचे डोहाळजेवण. हात भरून बांगड्या, नाना प्रकारचे भात आणि त्यानंतर मुलगी माहेरी जाते. राज्य सरकार अंगणवाड्यांमार्फत सामूहिक वळैकाप्पुही करते. सातवा महिना म्हणजे नेमका टीडॅपचा काळ. माहेरी जाणाऱ्या मुलीच्या कार्डावर या लशीची नोंद असेल, तर त्या घरातील कोणाच्याही खोकल्याची बाळाला तितकी भीती उरणार नाही.

उत्पादनाचा प्रश्न मात्र राज्याच्या हातात नाही, आणि इथे केंद्राची आठवण करून देणे भाग आहे. निलगिरीतील कुन्नूरची पाश्चर संस्था त्रिगुणी लस बनवते. २००८ मध्ये तिचा आणि आणखी दोन सरकारी संस्थांचा परवाना स्थगित झाला; त्यांपैकी एक, बीसीजी लस प्रयोगशाळा, चेन्नईच्या गिंडीतलीच. दोन वर्षांनी स्थगिती उठली, पण सरकारी लसनिर्मितीची घडी विस्कटली ती विस्कटलीच. चेन्नईजवळ चेंगलपट्टू येथे केंद्राने २०१२ मध्ये मंजूर केलेले एकात्मिक लस संकुल उभे राहिले. करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, मे २०२१ मध्ये मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी तेथे जाऊन ते राज्याला चालवायला द्यावे अशी मागणी केली, तोवर तेथून लशींचे नियमित उत्पादन सुरू झालेले नव्हते. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आणि हैदराबादची बायोलॉजिकल ई या कंपन्या संपूर्ण पेशींची लस घातलेल्या कुप्या जगभर पाठवतात. अशा देशाला आपल्या मातांसाठी प्रौढांची लस परवडत नसेल, तर उणीव तंत्रज्ञानाची कमी आणि मागणीच्या खात्रीची अधिक आहे. सरकारने खरेदीची हमी दिली, तर उत्पादक पुढे येतील.

एक सावधगिरी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. गरोदर स्त्रीला दिली जाणारी नवी लस हा विश्वासाचा नाजूक मामला असतो. १९७०च्या दशकात त्रिगुणी लशीबद्दलच्या भीतीने ब्रिटनमधील लसीकरणाचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरले आणि लागोपाठ साथी आल्या. जपानने १९७५ मध्ये लसीकरण काही काळ थांबवले. १९७९ मध्ये तेथे ४१ जणांचा बळी गेला. अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. इंग्लंडमध्ये गरोदर स्त्रियांतील या लशीचे प्रमाण २०१७ मध्ये ७० टक्क्यांहून अधिक होते. २०२३ च्या शरद ऋतूपर्यंत ते ६० च्या खाली आले. २०२४ मध्ये तेथे जवळपास १५ हजार रुग्ण आढळले आणि ११ अर्भके दगावली. लस होती, पैसे होते, पुरावाही होता. सैल पडला तो संवाद. तेव्हा आपल्याकडे ही लस येईल तेव्हा ती ‘आणखी एक इंजेक्शन’ म्हणून येऊ नये. ती कशासाठी, तिच्याने काय होऊ शकते, आणि त्रास झाल्यास कोणाकडे जायचे, हे आईला तिच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे.

धोरणांच्या चर्चेत नवजात बाळाची बाजू मांडणारा कोणी नसतो. त्याचा आजार ओळखू येत नाही, त्याच्या मृत्यूचे खरे कारण नोंदले जात नाही, आणि नोंद नाही म्हणून त्याच्यासाठी तरतूद होत नाही. हे चक्र कुठे तरी तोडावे लागेल. धनुर्वाताच्या बाबतीत आपण ते तोडले, कारण आई आणि मूल यांचा हिशेब वेगवेगळा मांडायचा नाही, हे तेव्हा आपल्याला उमगले होते. डांग्या खोकल्याच्या बाबतीतही मंगळवारचा निर्णयच बुधवारपर्यंत बाळाला सुखरूप पोहोचवणार आहे. तो निर्णय खासगी रुग्णालयाच्या बिलावर सोडायचा की सार्वजनिक दवाखान्याच्या कार्डावर लिहायचा, एवढेच आता ठरवायचे आहे.